डायलआउट खात्यातली नेमणूक

सकाळी साडेआठला रोहिणीने रेडियमची चिकट अक्षरं कापायचा कटर चालू केला, काँप्युटरवर 'कट' दाबलं, आणि पडद्यावर एकच ओळ आली : 'परवानगी नाकारली.'

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

सव्वाअकराला चोपड्याच्या धक्क्यावर संदीपची नवी होडी पाण्यात उतरणार होती. होडीवर लावायची 'सातेरीप्रसाद' ही अक्षरं आणि खालचा नंबर रोहिणीने कापून द्यायचा होता. पेंटर गावातच होता, पण संदीपला चमकणारी अक्षरं हवी होती. घराच्या पुढच्या खोलीत तीन महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या तिच्या दुकानाचं हे पहिलं मोठं काम. सारा धक्का ते बघणार होता.

कटर परवापर्यंत चालत होता. पण नवरा सर्वेश बोटीवर नोकरीला. परवा जाता जाता त्याने व्हायरसला कंटाळून काँप्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं, रोहिणीच्या नावाचं नवं खातं उघडलं, बाबांना बातम्या वाचता याव्यात म्हणून पडद्याची भाषा मराठी केली आणि विमान पकडलं. कटर जोडून बघायचं तेवढं राहिलं.

रोहिणीने केबल काढली, पुसली, परत लावली. मग दुसऱ्या छिद्रात लावली. शेवटी तिने पेडण्याहून विशालला बोलावलं. विशाल काँप्युटर दुरुस्त करायचा. त्याने स्कूटर लावली, कटरला कान लावला आणि पडद्याकडे न बघताच निदान केलं.

"बोर्ड गेलो, वहिनी. नायतर ड्रायव्हर नाय. परत विंडोज घालूया. तीन तास."

"तीन तासांत होडी रेडी बंदराला पोचंल की," रोहिणी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. संदीप.

"वहिनी, पेंटर ब्रश घेवन उभो आसा. काय सांगू?"

"त्याला चहा पाजा," म्हणून तिने फोन ठेवला.

हे सगळं सासरे कृष्णनाथ ओसरीवरून ऐकत होते. सरकारी कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि काँप्युटरशी त्यांचा संबंध बातम्यांपुरता. ते आत आले, चष्मा लावला आणि पडद्यावरची ओळ वाचली.

"मशीन बिघडूक नाय," ते म्हणाले. "ता सरळ सांगता. परवानगी नाय."

"बाबा, ते नुसतं लिहून येतंय हो."

"लिवन येता तांच खरां. कोणाच्या ताब्यात आसा ह्या मशीन?"

विशाल हसला. पण रोहिणीला दुसरं काही सुचत नव्हतं. इंटरनेटवर कुणीतरी दिलेली एक ओळ तिने टाइप केली, तसा केबलचा तपशील समोर आला. मालक : रूट. गट : डायलआउट. दोघांना वाचायची नि लिहायची मुभा. बाकीच्यांना काहीच नाही.

कृष्णनाथांचा चेहरा खुलला. असे कागद त्यांनी हजारांनी बघितले होते.

"रूट म्हणजे साहेब. डायलआउट म्हणजे खाता. आणि तू खंयच्या खात्यात?"

रोहिणीने काँप्युटरला तेही विचारून बघितलं. तिच्या नावापुढे एकच गट होता : रोहिणी.

"म्हणजे खंयच नाय," कृष्णनाथ म्हणाले. "मगे तुका कोण हात लावूक देतलो?"

विशालचं हसू थांबलं.

दहा वाजता सर्वेशचा फोन लागला. मागे इंजिनाची घरघर होती. रोहिणीने झालेलं सांगितलं.

"अगो, सोपा आसा," तो म्हणाला. "एक ओळ सांगतंय. ती टाकलंस की सगळ्यांका परवानगी मेळता."

"सगळ्यांका?" कृष्णनाथांनी फोन हातात घेतला. "सगळ्यांका सगळी परवानगी दिली तर ऑफिस कित्याक व्हया? हिका एकटीक डायलआउटात घाल. रीतसर."

सर्वेशने साहेबाचा पासवर्ड सांगितला आणि रीतसर ओळही सांगितली. रोहिणीने टाइप केली. कृष्णनाथांनी दोन्ही डायरीत उतरवून घेतलं, आणि ते फोन घेऊन ओसरीवर जाऊन मुलाशी आणखी दोन मिनिटं बोलले.

रोहिणीने 'कट' दाबलं.

'परवानगी नाकारली.'

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ती रडायच्या बेतात आली होती. विशालने विंडोजची पेनड्राइव्ह खिशातून अर्धी बाहेर काढली.

"ऑर्डर निघाली," दारातून कृष्णनाथ म्हणाले. "पण तू रुजू खंय झालंस? भायर जा आणि परत आत ये."

रोहिणी उठून ओसरीवर जायला निघाली.

"तू नाय गो. काँप्युटरात."

ती आपल्या खात्यातून बाहेर पडली, पासवर्ड टाकून परत आत आली आणि तिने 'कट' दाबलं. कटरने एकदा अंग झाडलं आणि 'सा'चा काना कापायला घेतला.

अकराला पाच कमी असताना विशालच्या स्कूटरवर मागे बसून रोहिणी धक्क्यावर पोचली. नाव लागलं, नंबर लागला. भटजींनी नारळ फोडला, आणि 'सातेरीप्रसाद' उन्हात लखलखत नदीत उतरली. पेंटरनेही जवळ येऊन अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ब्रश खिशात ठेवला. तिथेच आणखी दोघा होडीवाल्यांनी तिला आपापल्या होड्यांची नावं कापायला सांगितली.

घरी येताच तिने पहिलं नाव टाइप केलं आणि 'कट' दाबलं.

'परवानगी नाकारली.'

तिने वळून बघितलं. कृष्णनाथ शेजारच्या खुर्चीत डायरी मांडीवर घेऊन बसले होते.

"डायलआउटातला तुझा नाव काढलंय," ते शांतपणे म्हणाले. "काँप्युटरय बंद करून चालू केलंय. काम संपला की नेमणूक संपली. काढूचा कसा ता मी सर्वेशाक तेव्हाच विचारलंय."

"पण बाबा, अजून दोन कामं आलीत."

कृष्णनाथांनी डायरीचं कोरं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"किती दिवसांसाठी?"