पाच मजल्यांची वैमानिक

कुंभेरी तालुक्याचं दुय्यम निबंधक कार्यालय रोज सकाळी सव्वादहाला उडायचं आणि संध्याकाळी पाचला आपल्या जोत्यावर परत येऊन बसायचं. ते उडवण्याच्या पदावर कमलजा वाकचौरे चौदा वर्षं होती.

तालुका डोंगराळ होता. जमिनीची कागदपत्रं नोंदवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी घाट उतरून यावं हे बरं नव्हे, म्हणून कार्यालयच गावोगाव जायचं. सोमवारी दाभेवाडी, मंगळवारी आंबोणे, बुधवारी पाचघर. इमारत बैठी होती. चार खोल्या आणि पुढे व्हरांडा. वैमानिकाची केबिन नोंदणीच्या खिडकीला लागून होती. हवेत असताना नोंदवलेल्या दस्तावर गावाच्या नावाखाली उंचीही लिहावी लागायची, एवढाच काय तो फरक. इमारत गेली की मागे नुसतं जोतं उरायचं आणि त्यावर शेळ्या येऊन बसायच्या. संध्याकाळी उतरण्याआधी दोनदा भोंगा वाजवून त्यांना उठवावं लागे.

कमलजाचं उतरणं तालुक्यात नावाजलेलं होतं. व्हरांड्याची पायरी ती गावाच्या पायवाटेला अशी भिडवायची, की काठी टेकत आलेल्या माणसालाही पाऊल उचलावं लागू नये. टेबलावरचा चहा डुचमळत नसे.

पण तिला पाच मजले हवे होते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रशिक्षणासाठी ती शहरात गेली होती, तेव्हा विभागीय कार्यालय उठताना तिने पाहिलं. पाच मजले, दोनशे माणसं. गच्चीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता, तोही हलला नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून इमारत दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली आणि दुपारच्या वर्गाला गेली नाही. त्याच दिवशी तिने ठरवलं. ते ठरवून चौदा वर्षं झाली होती. आता विभागीय कार्यालयाचे वैमानिक निवृत्त होणार होते, त्या पदासाठी वयाची मर्यादा पंचेचाळीस होती, आणि कमलजाला चव्वेचाळीस पूर्ण होऊन सात महिने झाले होते. तिने अर्ज केला.

अर्ज केला की समाधान मोजलं जातं. त्यासाठी पद्माकर ओगले नावाचे अधिकारी आले. रक्तदाब मोजतात तसाच पट्टा त्यांनी कमलजाच्या दंडाला बांधला, घड्याळासारखी तबकडी आपल्या मांडीवर ठेवली आणि आठ दिवस तिच्याबरोबर केबिनमध्ये बसून उड्डाणं केली. नवव्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला.

"वाकचौरे मॅडम, चौऱ्याण्णव भरलंय."

"म्हणजे चांगलंच की."

"फारच जास्त. बढतीला साठ ते सत्तर लागतं."

"कामावर जीव असणं वाईट का, साहेब?"

"वाईट कोण म्हणतंय? सत्तरच्या वरचा माणूस आहे तिथे सुखी असतो. त्याला हलवलं तर खात्याचं एक चांगलं पद उगाच बिघडतं. आणि साठच्या खालच्या माणसाच्या हाती पाच मजले कसे द्यायचे?" ओगले हे कुणाची चेष्टा म्हणून बोलत नव्हते. त्यांनी ही गोष्ट आजवर पुष्कळांना समजावून सांगितली होती आणि प्रत्येक वेळी त्यांना वाईट वाटलं होतं. "अजून एकदा मोजता येईल. पुढच्या सोमवारी."

कार्यालयाचे दप्तरी निवृत्ती घोलप सहवैमानिकाचंही काम पाहत. म्हणजे उडण्याआधी ते खिडक्या लावत आणि वरच्या टाकीतलं पाणी निम्मं करत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई, सोपंय," ते म्हणाले. "पट्टा बांधला की माझ्या मेव्हण्याचा विचार करायचा. माझं तर कधी तिसाच्या वर गेलेलंच नाही."

कमलजाने आठवडाभर समाधान कमी करायचा सराव केला. मोडक्या खुर्चीत बसली. गार चहा प्यायली. नाकारलेल्या अर्जांची फाईल पहिल्यापासून वाचली. सोमवारी जोत्यावर असताना काटा अडुसष्टवर आला आणि घोलपांनी दाराआडून मूठ आवळून दाखवली. मग सव्वादहा वाजले, तिने दांडा मागे ओढला, जोतं सुटलं, इमारत हलकी झाली, खाली शेळ्या पळत येताना दिसल्या आणि काटा सरळ ब्याण्णववर गेला.

ओगल्यांनी तबकडी मांडीवर उलटी करून ठेवली. दाभेवाडीची टेकडी ओलांडल्यावर ते हळूच म्हणाले, "जोत्यावर अडुसष्ट होतं, ते मी पाहिलंय. तेच लिहितो. तुम्ही फक्त इथे सही करायची."

कागदावर एकच ओळ होती : 'सध्याचे काम करताना मला पुरेसे समाधान मिळत नाही.'

कमलजाने ती दोनदा वाचली. खाली दाभेवाडीच्या पायवाटेवर पाच-सहा माणसं वर बघत उभी होती. तिने इमारत उतरवली, पायरी पायवाटेला भिडवली आणि मगच बोलली.

"हे खोटं आहे, साहेब. उडताना जे भरलं ते लिहा."

"मग पद जाईल. पुढच्या वर्षी तुमचं वय बसत नाही."

"जाऊ दे."

त्या रविवारी ती गावाकडे वडिलांकडे गेली. नाना स्वतः वैमानिक होते. दोन खोल्यांची प्राथमिक शाळा त्यांनी एकतीस वर्षं वाड्यावस्त्यांवर नेली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. ते अंगणात शेंगा सोलत होते. तिने सगळं सांगितलं.

"रडू येतंय का?" नानांनी विचारलं.

"नाही. राग येतोय."

"मग बरंय. मला कधी राग आला नाही. म्हणून दोन खोल्यांच्या तीन झाल्या नाहीत."

कमलजाने पुढ्यातली शेंग हातात घेतली, पण सोलली नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "नाना, मला पाच मजले हवेत. ते शहरातलेच हवेत असं मी कुठे म्हटलं?"

सोमवारी रजा टाकून ती बांधकाम विभागाच्या अभियंता शर्वाणी गुंजाळ यांच्यासमोर बसली होती. नियम तिने आधीच वाचला होता. इमारतीवर मजला चढवायला हरकत नसते, मात्र वैमानिकाने वजन झेपेल असं लेखी द्यावं लागतं आणि वर बसायला एखादं कार्यालय तयार असावं लागतं.

"खांब वर आणखी चार मजले घेतील," गुंजाळ म्हणाल्या. "पाया नाहीच, त्यामुळे पायाचा प्रश्न नाही. पण पाचघरच्या खिंडीतलं वारं तुम्हाला माहीत आहे."

"रोजचंच आहे ते."

"बैठ्या इमारतीला रोजचंच असतं. उंच इमारतीला ते वेगळं लागतं."

"शिकेन," कमलजा म्हणाली आणि लेखी दिलं.

तालुका कृषी कार्यालय गळत होतं. कमलजा तिथे सात वेळा गेली. आठव्या वेळी तिथल्या अधिकाऱ्यांनीच खुर्ची पुढे केली आणि, "मॅडम, वर हवा तरी येईल ना?" असं विचारलं. तो दुसरा मजला झाला. वन खात्याचं कार्यालय भाड्याच्या जागेत होतं आणि घरमालक त्यांच्या फायलींवर कांदे पसरायचा. तो तिसरा मजला झाला. प्रत्येक मजल्यानंतर ती दोन महिने सुट्टीच्या दिवशी रिकामी इमारत घेऊन सराव करायची. माणसांच्या वजनाइतकी जुन्या दप्तरांची गाठोडी घोलप खुर्च्यांवर नेऊन ठेवायचे आणि प्रत्येक गाठोड्याला कर्मचाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावायचे. निबंधक साहेबांचं गाठोडं ते जरा मोठं बांधत.

चौथा मजला भूमी अभिलेखचा. त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात, पाचघरच्या खिंडीत, इमारत कलली. वरच्या मजल्यावरची टेबलं सगळी पूर्वेला घसरली, नकाशांच्या गुंडाळ्या जिन्यावरून खाली आल्या, आणि कमलजाने कसंबसं नाचणीच्या एका शेतात इमारत टेकवली. ती तिरकीच बसली. कुणाला लागलं नाही. कामकाज तीन दिवस तिरकंच चाललं. लोक एका हाताने चौकट धरून सही करत होते. चौथ्या दिवशी वारा पडल्यावर तिने इमारत उचलून परत आणली.

चौकशीच्या कागदावर कारण लिहायचं होतं. घोलप म्हणाले, "वारा लिहा, बाई. सगळे तेच लिहितात."

तिने लिहिलं, 'चूक माझी. वळण लवकर घेतले.' तिला महिनाभर उड्डाणबंदी झाली. गावोगावची माणसं घाट उतरून कुंभेरीला येऊ लागली. त्यांच्या रांगेकडे कमलजाला बघवत नव्हतं, तरी ती रोज व्हरांड्यात उभी राहून बघायची.

नाना त्या महिन्यात एकदा येऊन गेले. चारही मजले चढून त्यांनी गच्ची पाहिली, मग खाली येऊन केबिनमध्ये तिच्या शेजारी बसले.

"मी एवढं मोठं कधी उडवलं नाही," ते म्हणाले. "पण शाळेत मागच्या बाकावरची पोरं कायम अर्धा क्षण उशिरा उठायची. खालचं वळलेलं वरच्याला उशिरा कळतं, कमळे. तू वळलीस की थांब. त्याला कळू दे. मग पुढचं वळण घे."

"किती थांबू?"

"ते मला कसं कळणार? ते तुझ्या हाताला कळेल."

बंदी उठल्यावर तिने रिकामी इमारत घेऊन खिंड एकशे बारा वेळा ओलांडली. मोजायचं काम घोलपांनी भिंतीवर खडूने केलं. साधारण साठाव्या खेपेला हाताला ते थांबणं सापडलं. बाकीच्या खेपा तिने ते पक्कं करण्यासाठी केल्या. पण तेवढ्याने भागत नव्हतं. नाचणीतला तिरकेपणा सगळ्या तालुक्याने पाहिला होता आणि पाचव्या मजल्यावर यायला कुणी तयार होईना. वर्ष तसंच गेलं. शेवटी ती पशुसंवर्धन कार्यालयात गेली आणि तिथल्या डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही येऊ नका. तुमची कपाटं द्या." लसींच्या बाटल्यांनी भरलेली सहा काचेची कपाटं तिने सर्वांत वर ठेवली आणि भर वाऱ्यात पाचघरला जाऊन आली. डॉक्टरांनी एकेक बाटली उचलून उजेडात धरली. मग ते आपली खुर्ची स्वतः उचलून वर घेऊन गेले.

दुसरा मजला चढवायला घेतल्यापासून तीन वर्षं सात महिने झाले होते. बुधवारी सव्वादहाला कुंभेरीचं पाच मजली कार्यालय जोत्यावरून उठलं. आत एकशे सदतीस माणसं आणि तपासणीला आणलेलं एक वासरू होतं. नाना चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी बसले होते, कारण पाचव्यावर चढताना त्यांना दम लागला. खिंडीत वारं होतं. कमलजा वळली, थांबली, वरच्या मजल्यांना कळू दिलं आणि मग पुढचं वळण घेतलं. वरून कुणाचाही तक्रारीचा फोन आला नाही. पाचघरला पायरी पायवाटेला भिडली.

लोक आत शिरले. "जनावराचं कुठे?" एका बाईने विचारलं. "पाचव्यावर," घोलप म्हणाले, "आणि खालचं काम आधी उरकून घ्या, मावशी, म्हणजे पुन्हा चढायला नको."

कमलजा केबिनमधून बाहेर आली आणि शेताच्या बांधापर्यंत चालत गेली. तिथून सगळी इमारत दिसत होती. शर्वाणी गुंजाळ पाहणीसाठी आल्या होत्या, त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघी वर बघत होत्या.

"मॅडम," कमलजा म्हणाली, "तुम्ही खांब वर आणखी चार मजले घेतील म्हणाला होतात."

"हो. आणि घेतले की."

"ते हिशोबाने म्हणाला होतात, की जरा हात राखून?"

गुंजाळ हसल्या नाहीत; त्यांनी एकदा खांबांकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि तिचं एक टोक कमलजाच्या हातात दिलं.