पाच वर्षं, जेवणाच्या आत

"पाच वर्षांची योजना ना? दुपारच्या जेवणाआधी हातात देते," बाई म्हणाल्या. म्हणाल्या त्या अशा तोऱ्यात, की जणू आधीच्या दहा योजना घडी घालून कपाटात ठेवल्या आहेत आणि ही अकरावी.

बाईंचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. माणसं अठरा. नवरा गेल्यापासून सव्वीस वर्षं तो बाईंनी एकहाती चालवला. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, आणि चौथीनंही त्यांना दोनदा ठेवून घेतलं. पण पुठ्ठा नुसता हुंगून तो किती ओला आहे ते सांगायच्या. नवा नमुना तयार झाला की स्वतः त्यावर बसायच्या. खोकं टिकलं तर मेस्त्री त्यावर 'पास'चा शिक्का मारायचा. बसलं, तर ज्यानं ते केलं त्याला पुढचा आठवडाभर उभं राहायलाही जागा नसायची.

कारखान्यात कायदा एकच होता. बाईंच्या तोंडून निघालं की ते व्हायलाच हवं, आणि ताबडतोब. "केव्हा?" हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे. एकदा मेस्त्रीनं उच्चारला होता. "पुढच्या जन्मी," असं सांगून बाई त्याच्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या एका खेपेला बाई म्हणाल्या, "खिडक्या पुढच्या वर्षी रंगवू," आणि संध्याकाळी हातात रंगाचा डबा न दिसल्याबद्दल सगळ्यांना फैलावर घेतलं. तेव्हापासून पुढचं वर्ष म्हणजे संध्याकाळच्या आत, हे सगळे धरूनच चालत. हे लक्षात ठेवा. बाईंनी ठेवलं असतं तर ही गोष्ट झाली नसती.

योजनेचं खूळ मुलानं आणलं. बुटांच्या मोठ्या कारखान्याला तीन वर्षं खोकी पुरवायचं काम मिळत होतं. पण तिथल्या खरेदीच्या मॅडमना आधी कागदावर पाहायचं होतं, की ही कंपनी पाच वर्षांत वाढणार कशी.

"आणि आई, त्यांनी आणखी एक विचारलंय," मुलगा चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "तुझ्यानंतर कोण?"

"माझ्यानंतर? मी कुठे चाललेय?"

"कुठे नाही. पण कागदावर लागतं."

"कागदावर काय, कागदावर मी नाचूनही दाखवीन. तू जा, त्यांना गाडीतून घेऊन ये. मी सूनबाईला सांगते, ती लिहील."

मुलगा गेला. बाई आपल्या खुर्चीत बसल्या. ती खुर्चीही साधी नव्हती. शिसवी, उंच पाठीची, आणि इतकी जड की सव्वीस वर्षांत ती कोणी बोटभर सरकवली नव्हती. केबिनची भिंत प्लायवूडची, छतापासून हातभर खालीच थांबलेली. बाईंचा आवाज त्या फटीतून यंत्रांवरून पलीकडे जायचा. केबिनचं दार लावलेलं असलं तरी मेस्त्रीला दुसरा स्पीकर लागत नसे.

"लिही," बाई म्हणाल्या. "पहिलं वर्ष. शंभर खोक्यांच्या आतली गिऱ्हाइकं बंद. साठ-साठ खोक्यांसाठी रोज कोण डोकं फोडून घेणार?"

सूनबाईनं लिहिलं. बाहेर कोणाचा तरी चढा आवाज आला आणि दार आपटलं.

"आई, साठ खोकी नेणाऱ्या केकवाल्या काकू आल्यात वाटतं."

"येऊ दे. दुसरं वर्ष. कापणी आणि गोदाम यांच्यामधली भिंत पाडायची. माणसं वळसे घालून घालून झिजली."

थोड्या वेळानं धाड धाड सुरू झालं. पेन सूनबाईच्या हातातल्या हातात उडायला लागलं.

"आई, बाहेर काहीतरी पडतंय."

"शेजारचा वेल्डर. त्याला तोडण्याशिवाय येतं काय? तू लिही. तिसरं वर्ष. आपली म्हातारी भंगारात, नवं यंत्र आणायचं."

म्हातारी म्हणजे पुठ्ठ्याला घडी पाडणारं जुनं यंत्र. नवऱ्यानं आणलेलं. ते रोज खोकायचं आणि बाई रोज त्याला शिव्या द्यायच्या, म्हणजे एकंदरीत घरातल्यासारखंच होतं.

"चौथं वर्ष. निम्मी माणसं नवं यंत्र शिकायला तंत्रशाळेत."

बाहेरचा आवाज एकदम निम्मा झाला. बाईंना बरं वाटलं. माणसं जेवायला बसली असतील.

"आणि पाचवं?" सूनबाईनं विचारलं.

बाईंनी खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. मॅडमना हवंय तर देऊ, कागदाला कुठे तोंड असतं? मोठ्यानं, अगदी खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "पाचव्या वर्षी बाई घरी बसणार. कारभार मुलाकडे. सगळ्यांनी त्याचं ऐकायचं."

सूनबाईचं पेन थांबलं. "आई, खरंच लिहू?"

"लिही गं. शोभेला आहे."

मग त्या मागच्या बाजूला तोंड धुवायला, केस नीट करायला गेल्या. पंधरा मिनिटांत परत आल्या, बसायला म्हणून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. खुर्ची नव्हती. खुर्ची होती तिथे फरशीचा एक चौकोन तेवढा नवाकोरा दिसत होता. केबिनचं दारही बिजागऱ्यांसकट काढून बाजूला टेकवलेलं. खुर्ची त्यातून मावली नसावी. दाराच्या जागेतून सरळ गोदाम दिसत होतं, आणि गोदाम केबिनमधून दिसायचं तर मध्ये भिंत नसावी लागते.

मेस्त्री पुढे आला. धुळीनं भुवयांपर्यंत पांढरा. हातात घण.

"मेस्त्री, भिंत कुठाय?"

"दुसरं वर्ष झालं ना, बाई."

"म्हातारी कुठाय?"

"भंगारवाला घेऊन गेला. तिसरं वर्ष. नऊ माणसं तंत्रशाळेत पोचली. केकवाल्या काकूंना पहिल्याच वर्षी नको म्हटलं. रडल्या जरा." मेस्त्रीनं घाम पुसला. "पाचवं आत्ताच उरकलं. तुमची खुर्ची, चष्मा आणि डबा टेम्पोनं घरी पाठवला."

बाईंनी फरशीच्या त्या नव्याकोऱ्या चौकोनावर पाय आपटला.

"अरे, मी पाच वर्षांचं सांगत होते!"

"तेच म्हटलं, फार आहे. म्हणून जेवायलासुद्धा थांबलो नाही."

नेमकी त्याच वेळी मुलाची गाडी दारात लागली. मॅडम उतरल्या. उंच, बारीक, चेहऱ्यावर एक रेष हलणार नाही अशा. त्यांनी सूनबाईच्या हातून कागद घेतला. पहिली ओळ वाचली, मान वर केली. दुसरी वाचली, जिथे भिंत होती तिथे पाहिलं. तिसऱ्या ओळीला यंत्राच्या जागचा तेलाचा डाग पाहिला. मुलगा पुन्हा चपलेच्या अंगठ्याकडे बघायला लागला. गेलं काम, असं बाईंनीही मनात म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना जरा हायसंच वाटलं. काम गेलं की पाचवं वर्षही जाईल.

मॅडमनी पाचवी ओळ वाचली. केबिनमधला तो फरशीचा चौकोन बराच वेळ पाहिला.

"हे मी आजवर कुठे पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र आणा, माणसं परत बोलवा, ते होईल. सगळ्यांची योजना शेवटच्या ओळीला अडकते. जुनं माणूस उठतच नाही. तुम्ही सगळ्यात अवघड काम आधीच करून टाकलंत, बाई." आणि त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

आता अशा वेळी काय बोलणार? 'मी उठले नव्हते, मला उठवलं,' असं बोलायचं, तर समोर तीन वर्षांचं काम आणि मागे अठरा घरं. बाई हसल्या. जन्मात इतकं महागाचं हसू त्या हसल्या नव्हत्या.

काम मुलाच्या नावावर मिळालं. संध्याकाळपर्यंत सगळं उलटं फिरलं. तंत्रशाळेनं नऊच्या नऊ माणसांना, प्रवेश संपलेत, म्हणून हाकलून दिलं. म्हातारीच्या वजनानं भंगारवाल्याची गाडी कोपऱ्यावरच बसली होती. गाडी ढकलत परत आणली, आणि आल्या आल्या म्हातारी खोकलीसुद्धा. केकवाल्या काकूंच्या घरी मुलगा स्वतः जाऊन माफी मागून आला. पडलेल्या भिंतीचं म्हणाल तर माणसं म्हणाली, असू दे, मोकळं वाटतं.

म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एकही वर्ष बाईंना बाधलं नाही. दोन म्हाताऱ्या गेल्या, एक परत आली.

दुसऱ्या दिवशी बाई रोजच्या वेळेला कारखान्यात हजर.

"मेस्त्री, माझी खुर्ची आण."

मेस्त्रीनं मुलाकडे पाहिलं. मुलगा केबिनमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर, फोनवर होता.

"साहेबांना विचारतो, बाई."

"मी सांगतेय ना?"

"तुम्हीच सांगितलंत, बाई. सगळ्यांनी त्यांचं ऐकायचं."

सव्वीस वर्षं घोटून घोटून शिकवलेलं. एक अक्षर विसरला असेल तर शपथ.

बाईंनी पदर खांद्यावर नीट केला. इकडे तिकडे पाहिलं. आवाज इतका खाली आणला, की त्यांचा त्यांनाच तो ओळखू आला नाही.

"मग केव्हा आणाल?"

म्हातारी सोडली तर कारखान्यात सगळं थांबलं. तो शब्द, आणि बाईंच्या तोंडून! वर मेस्त्रीला अहो-जाहो. मेस्त्रीनं मान खाली घातली. पुढच्या जन्मी, असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"बघू हं, बाई," तो हळूच म्हणाला.

बाई वळल्या. भिंत होती त्या जागी बुटांच्या खोक्यांचा पहिला नमुना ठेवला होता. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या त्याच्यावर बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. खोकं कुरकुरलं नाही, दबलं नाही. कुठे का होईना, आपण कारखान्यात बसलोय, एवढं तरी त्यांच्या मनाला वाटलं.

मेस्त्री जवळ आला. वाकून चारी कोपरे पाहिले, शिक्का काढला आणि बाईंच्या पायाशी खोक्यावर 'पास' असा ठसठशीत मारला.

"टिकलं," तो म्हणाला. "बाई, आता उठा. हे मॅडमकडे पाठवायचंय."