विद्याशिखरची दुसरी पाळी

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता वसतिगृह तपासणी समितीची गाडी ‘विद्याशिखर’च्या फाटकात शिरली, तेव्हा आतले सगळे विद्यार्थी गाढ झोपलेले होते. त्यांच्यात विद्यार्थी एकही नव्हता.

सात मजल्यांची ही इमारत भिवंडीजवळ दिघाशीच्या रस्त्याला, केसरीनाथ यांच्या भातशेतात २००६ सालच्या उन्हाळ्यात पुरी झाली. समोर नवे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले होते. आजूबाजूच्या जमीनमालकांनी गोदामे बांधली. केसरीनाथांनी मुलामुलींसाठी टॉवर बांधला. कंत्राटदाराने मात्र जन्मात गोदामाशिवाय काही बांधले नव्हते. त्यामुळे इमारतीचे जोते ट्रकच्या फाळक्याइतके उंच झाले. आत शिरणाऱ्याला पहिली पायरी छातीशी लागत असे.

कॉलेजचा नियम साधा होता. मान्यता फक्त चालू वसतिगृहाला मिळे, आणि विद्यार्थी फक्त मान्यता असलेल्या वसतिगृहात पाठवले जात. केसरीनाथांनी हा नियम तीन वेगवेगळ्या माणसांकडून समजावून घेतला. तिघांनाही तो समजला नव्हता.

घरात या मान्यतेला आणखी एक गोष्ट बांधलेली होती. त्यांची मुलगी क्षितिजा बी.एस्सी. झाली होती आणि विद्याशिखरची रेक्टर व्हायचे तिने ठरवले होते. काल्हेरच्या प्रितेशचे स्थळ तिला सांगून आले होते आणि मुलाकडच्यांना घाई होती. केसरीनाथांनी चार माणसांत शब्द दिला होता, “मान्यता आली तं पोरगी रेक्टर व्हईल, लगीन दोन वर्सांनी. न्हाय आली तं याच मे मयन्यात हलद.” क्षितिजाला मान्यता हवी होती. तिच्या आईला, हौसाबाईंना, हळद हवी होती.

खाटा भरण्याची युक्ती हौसाबाईंच्या भावाची. लडकू भिवंडीतल्या नारपोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांना कामगार पुरवत असे.

“दाजी, तुमाला खाटा भरलेल्या दाखवाच्या हायेत ना?” तो म्हणाला. “माजी रात्रपाली सकाली आठला सुटते. त्यांना झोपाला जागा पायजे, तुमाला झोपनारा पायजे.”

“आन समितीनी इचारला, काय शिकताव, तं?”

“झोपलेल्या मानसाला कोन इचारतो?”

“मामा, मुलींच्या मजल्याचं काय?” क्षितिजाने विचारले. सातवा मजला मुलींसाठी होता.

“तो रिकामा ठेव. पोरी लाजून गावाला गेल्या, असा सांग.”

“परीक्षा संपली म्हणून गेल्या, असं सांगते.”

“ह्ये बग,” लडकू केसरीनाथांना म्हणाला, “शिकल्याचा उपयोग.”

मोबदल्यात दुपारी मटण आणि तांदळाची भाकरी ठरली. हौसाबाईंनी त्याला हरकत घेतली नाही. लग्नाआधी हात बसेल, एवढेच त्या म्हणाल्या.

मंगळवारी साडेआठला रात्रपाळी टेंपोतून आली आणि ठरल्याप्रमाणे झोपली. नऊला नारपोलीची वीज गेली. लूम बंद पडले आणि दिवसपाळी रिकामी झाली.

इथे नारपोलीच्या खोल्यांची पद्धत सांगायला हवी. तिथे एका खाटेचे दोन मालक असतात, एक दिवसा झोपणारा, एक रात्री झोपणारा. दोघांचे भाडे वेगळे, उशी वेगळी, खाट एकच. पावणेदहाच्या सुमारास दुसरा टेंपो विद्याशिखरसमोर थांबला. त्यातून दिवसपाळी उतरली. प्रत्येकाच्या काखेत उशी होती.

“अरे, तुम लोग किधर?” लडकू धावला.

“लाइट गयी, सेठ,” त्यांच्यातला रामसूरत म्हणाला. “हमारे खटिया का आदमी इधर सोया है, तो हम भी इधर.”

“खटिया नारपोली में है ना!”

“खटिया उधर है. लेकिन आदमी इधर है, जनरेटर का पंखा इधर है. और सुना है, गोश्त भी इधर है.”

लडकूने त्यांना परत पाठवण्याचा प्रयत्न केला, पण टेंपो निघून गेला होता. जो तो आपापला जोडीदार शोधून त्याच्या शेजारी आडवा झाला. ज्यांना जोडीदार सापडले नाहीत ते वारा शोधत वर गेले. वारा सातव्या मजल्यावर होता.

समितीत दोघे होते. अध्यक्ष डॉ. खांबेटे आणि सदस्या प्रा. उपळेकर. खांबेटे जोत्यासमोर उभे राहून वर बघू लागले.

“जिना कुठाय?”

“जिना आत हाय, साहेब,” केसरीनाथ म्हणाले. “आत गेल्याव लागतो.”

खुर्ची आणली गेली. खुर्चीवर स्टूल ठेवले गेले. लडकूने अध्यक्षांना काखेत हात घालून कापडाचा तागा चढवावा तसे वर घेतले. उपळेकर मॅडमनी पदर खोचला आणि मदत नाकारून स्वतःच चढल्या.

पहिल्याच खोलीत प्रत्येक खाटेवर दोघे दोघे, एकमेकांच्या पायाशी डोके करून झोपले होते.

“साडेदहा वाजलेत,” खांबेटे म्हणाले.

“रात्रभर जागतात, सर,” क्षितिजा म्हणाली.

“अभ्यास?”

“प्रॅक्टिकल.”

“आणि एका खाटेवर दोघं?”

क्षितिजाने क्षणभर बापाकडे पाहिले. केसरीनाथ छताकडे पाहत होते. “सर, आमच्याकडे दोन पाळ्या आहेत. एकाचा वर्ग असतो तेव्हा दुसरा झोपतो. आज तिकडची लाइट गेली म्हणून दोघं एकदम दिसतायत.”

खांबेटे थांबले. त्यांच्या कॉलेजात सकाळच्या आणि संध्याकाळच्या अशा दोन तुकड्या होत्या आणि जागा निम्म्यांनाही पुरत नव्हती. त्यांनी त्या खाटेकडे पुन्हा पाहिले. या वेळी वेगळ्या नजरेने. तेवढ्यात कुशीवरचा रामसूरत उठून बसला.

“कौन सा इयर?” खांबेट्यांनी विचारले.

“चौथा साल है, साहब,” रामसूरत म्हणाला. भिवंडीत येऊन त्याला चौथे वर्ष चालू होते.

“इसके बाद क्या सोचा है?”

“सोचने का टाइम किधर मिलता है, साहब? बारा घंटा खड़े रहते हैं.”

“बारा तास!” खांबेटे उपळेकरांना म्हणाले. “आणि आपली मुलं पन्नास मिनिटांच्या तासाला कंटाळतात.”

सातव्या मजल्यावर जाताना क्षितिजाने मुली परीक्षा संपवून गावी गेल्याचे सांगितले. उपळेकर मॅडमनी पहिले दार उघडले. आत आठ पुरुष लुंग्या लावून घोरत होते.

“हे कोण?”

“सुरक्षा, मॅडम.”

“झोपलीये!”

“रात्रपाळीची आहे.”

मॅडम पुढे काही बोलणार, तोच खालून हौसाबाईंची हाक आली. हळदीच्या मांडवात हजार माणसाला पुरेल असा तो आवाज होता. “चला रे! जेवान झालाय!”

सगळी इमारत एकदम जागी झाली. मजल्यामजल्यावरून माणसे जिन्याकडे सुटली आणि समिती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कोणी ढकलाढकल केली नाही, कोणी बोललेही नाही. लोंढा गेल्यावर खांबेटे म्हणाले, “मेसची शिस्त वाखाणण्यासारखी आहे.”

जेवल्याशिवाय समितीला जाऊ देणे हौसाबाईंच्या घरात शक्यच नव्हते. खांबेट्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीला नाही म्हटले नाही. मॅडम शाकाहारी असल्याने त्यांना वालाचे बिरडे आले. वाढता वाढता हौसाबाई त्यांच्या शेजारी टेकल्या.

“बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. एक आयका. मान्यता नका देव.”

“का?”

“आवो, पोरीचा लगीन ऱ्हायलाय. एकदा रेक्टर झाली का दोन वर्सं गेली.”

मॅडमचा घास हातातच राहिला. “म्हणजे रेक्टर अविवाहित आहे? आणि वर ते आठजण?”

“कुठले आठ?” हौसाबाई म्हणाल्या. “मना म्हाईत न्हाय बाई. मी इथं मटनाजवल व्हते.”

चार दिवसांनी पत्र आले. क्षितिजाने ते मोठ्याने वाचले. समितीने विद्याशिखरला मान्यता देण्याचे ठरवले होते. एका खाटेवर पाळीपाळीने दोन विद्यार्थी ठेवण्याची पद्धत ‘अनुकरणीय’ होती, म्हणून मंजूर संख्या दुप्पट केली होती. केसरीनाथांनी लडकूच्या पाठीवर थाप मारली. पुढे एकच अट होती. मुलींच्या मजल्यावरील परिस्थिती पाहता रेक्टर विवाहित स्त्री असावी आणि तिचे नाव पंधरवड्यात कळवावे.

“थांब जरा,” केसरीनाथ म्हणाले. “मान्यता आली तं लगीन न्हाय. आन लगीन न्हाय तं मान्यता न्हाय. मंग मी आता काय करू?”

“काल्हेरला फोन करा,” हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा आदल्या चार महिन्यांत इतका फुलला नव्हता. “देवच पावला. लगीनबी व्हईल आन रेक्टरबी.”

“लगीन झाल्याव ती काल्हेरला जाईल,” लडकू म्हणाला. “रेक्टर काय एसटीनी येनार?”

क्षितिजा पत्र पुन्हा वाचत होती. शिक्षणाची अट त्यात कुठेही नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “तुझं लग्न झालंय ना?”

“आं?”

“बाबांशी. झालंय ना?”

“म्हंजी काय! पंचवीस वर्सं व्हतील आता.”

त्याच दुपारी रेक्टर म्हणून सौ. हौसाबाई केसरीनाथ यांचे नाव कॉलेजला कळवण्यात आले. मदतनीस म्हणून क्षितिजाचे नाव खाली होते. हौसाबाईंनी जेवण सोडण्याची धमकी दिली, पण स्वयंपाक त्यांच्याच हातात असल्याने ती फार टिकली नाही. कॉलेजचे उत्तर येईपर्यंत वसतिगृह चालू दिसणे भाग होते. म्हणून लडकूच्या दोन्ही पाळ्या तिथेच राहिल्या. तिसऱ्या दिवशी रामसूरतने हौसाबाईंना “मॅडमजी, पाँचवे माले पे पानी नहीं” असे सांगितले. त्यांना जन्मात कोणी मॅडमजी म्हटले नव्हते. त्या पाचव्या मजल्यावर गेल्या आणि संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत.

रविवारी प्रितेशचे वडील तारीख पक्की करायला आले. केसरीनाथांनी त्यांना जोत्यावर चढवून घेतले, पाणी दिले आणि वर निरोप धाडला. वरून हौसाबाईंचा आवाज आला.

“त्यांना बसवा! पाली बदलतेय! आन पोरीला नका बोलवू, ती दुसऱ्या माल्याव हजेरी घेतेय!”

पाहुणे दीड तास बसले आणि तारीख न ठरवताच जेवून गेले. मेमधला शेवटचा मुहूर्त येत्या शुक्रवारचा आहे. कालपर्यंत कॉलेजकडून उत्तर आलेले नव्हते. रेक्टरच्या नावाचा प्रस्ताव विचाराधीन असल्याचे फोनवर सांगण्यात आले.