सुनदोकबाईंच्या कागदी दाराची कैफियत

तुळईत राहून छपराखालील सर्वांचे पाहणाऱ्या आणि कोणाचे काही न सांगणाऱ्या गृहदेवतेस नमन करून ही कैफियत लिहिली असे. शके अठराशे बहात्तर, विकृतिनाम संवत्सर, कोरिया मुलुखी ज्यास व्याघ्रवर्ष म्हणतात ते साल. त्या मुलुखी डोंगराआड एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. राज्य म्हणजे काळ्या कौलांचे एक घर, मागे सोयाच्या रांजणांची फौज, आणि चुलीची धग जमिनीखालून फिरवून खोल्या उबदार राखावयाची रीत. सरहद्द म्हणजे दारे, आणि ती दारे लाकडी जाळीवर तुतीच्या सालीचा पांढरा कागद डकविलेली. दर साली शरदात जुना कागद भिजवून काढावा, नवा खळीने लावावा आणि हिवाळ्याशी तह करावा, ऐसा राज्याचा कायदा.

त्या साली वैशाखमासी राज्याची कन्या सुनदोकबाई यांचे लग्न नदीपलीकडील तेशिक यांशी जाहले. तेथील चाल ऐसी की, लग्न वधूचे घरी व्हावे आणि वधूने वर्षभर माहेरीच राहून मग सासरी जावे. आणखी चाल ऐसी की, पहिले रात्री वऱ्हाडातील बायकांनी दाराशी जमावे, बोट जिभेस लावून कागदास भोक पाडावे आणि आत पाहावे. त्याप्रमाणे सात बायका चालून आल्या आणि किल्ल्याचे तटास जंग्या असाव्या तैशी सात भोके पाडिली. मावशी म्हणाली, "अगो, नवरदेव अजून टोपीच सांभाळीत बसला आहे!" शेजारीण म्हणाली, "सरक ग बये, तुझ्या डोक्याआड अर्धे लग्न दिसेना." तेव्हा तेशिक हसले, उठोन दाराशी आले, बोट जिभेस लावून आतून एक भोक पाडिले आणि त्यास डोळा लावून बोलिले, "मावशी, आम्हीही पाहतो आहो. तुमचा पुढला दात कोठे गहाण पडला?" बाहेर पळापळ जाहली, आणि बाईंस हसू आले ते त्यांनी बाहीने दाबिले. सात भोकांच्या कडा आत वळलेल्या, आठव्याची बाहेर.

तीन दिवस राहोन तेशिक स्वगृही गेले, वर्षाने नेण्यास येतो म्हणाले, आणि आषाढात युद्ध उठले, आणि त्यांस फौजेत नेले, आणि मग पत्र नाही, वार्ता नाही, प्रेतही नाही. लग्नाचा फोटो काढवावयाचा तो पुढे काढू म्हणोन राहिला होता. वर्ष भरले, नेणारा आला नाही, आणि बाई वधूच राहिल्या. दर शरदात सर्व दारांस नवा कागद लागे, आणि बाई आपले दारासमोर उभ्या राहून म्हणत, "यास हात लावू नये." कारण पुसता मौन, पहिले रात्रीची गोष्ट वधूने बोलू नये ऐसी मर्यादा. कागद चहासारिखा पिवळा जाहला, हिवाळा आठ भोकांनी आत येऊ लागला, आणि बाई आठव्यापाशी बसोन त्यात आपले बोट घालीत, कडेस लागू न देता. त्या माणसाने या जगात केलेले तेवढेच उरले होते.

ऐसी चाळीस वर्षे गेली. भाऊ वारले, राज्य भाच्याकडे आले, आणि भाचेसून योंगमी कारभार पाहू लागली. ती मनाची बहुत मायाळू. शके एकोणीसशे बाराचे शरदी बाई सासूचे श्राद्धास दोन दिवस नदीपार गेल्या, तेव्हा योंगमी नवऱ्यास म्हणाली, "आत्याबाई भिडेस्तव नको म्हणतात. कोण म्हातारे माणूस म्हणेल, माझे दार आधी करा?"

"रागावतील हो त्या."

"रागावोत. गेले हिवाळी त्यांचा खोकला कोणी ऐकिला? तुम्ही तर घोरत होता."

मग योंगमीने कंबर बांधिली, दार काढून अंगणात आडवे घातले, पाण्याचा मारा केला, सुरीने जाळी साफ केली, खळ शिजविली, आणि नवा कागद ऐसा ताणून लाविला की नगाऱ्याचे चामडे लाजावे. मुठीपाशी कागद फाटू नये म्हणोन दुहेरी केला आणि मध्ये मेपलची लाल पाने घातली. मोहीम फत्ते जाहली.

दुसरे दिवशी दुपारी बाई परत आल्या आणि उंबरठ्यापाशी थांबल्या.

"कैसे दिसते, आत्याबाई?"

बाईंनी दारावरून तळवा फिरविला. कोठेच काही लागेना. मग पुसिले, "जुना कागद?"

"तो होय? तुमच्याच खोलीखालच्या चुलीत घातला, भुर्रकन गेला. या, बसा, जमीन कैशी तापली आहे पाहा."

बाईंनी तोंड उघडिले. परंतु पुढे योंगमीचे हात होते, थंड पाण्याने फुटलेले, नखांत खळ वाळलेली. मग म्हणाल्या, "छान केलेस, पोरी. हातांस तेल लाव." आणि आत गेल्या, दार ओढून घेतले, आणि उबदार जमिनीवर गाल टेकून, दोन्ही तळवे पसरून, ऊब निघून जाईतो पडून राहिल्या. बाहेरून योंगमीने पुसिले, "आत्याबाई, वारा येतो का हो?" आतून उत्तर आले, "नाही."

येणेप्रमाणे ते राज्य बुडाले. कौले शाबूत, तुळई शाबूत, रांजण एकही फुटला नाही, आणि शत्रू म्हणावा ऐसा कोणी नाही. बाई पुढे अकरा वर्षे होत्या. तेशिक दिसावयास कैसे होते ऐसे कोणी पुसता आधी सांगत, मग थांबून सांगत, मग सांगेनात. खोकला मात्र त्याच हिवाळी बरा जाहला.