कवडूभाऊंची सागाची पेटी

कवडूभाऊंच्या हातात नवी कॅसेट दिली की ते आधी ती बोटाच्या पेराने ठोकून बघत. एकदा वरून, एकदा बाजूने, मग कानाशी धरून. कॅसेट प्लास्टिकची असते, ठोकून आतली गाणी कळत नाहीत, हे मी त्यांना तीन वर्षांत पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. ते मान डोलावत आणि पुन्हा ठोकत. त्यांचाही इलाज नव्हता. धानोऱ्याच्या लाकूड डेपोत ते मुकादम होते आणि उभं आयुष्य त्यांनी सागाचे ओंडके ठोकण्यात घालवलं होतं. ओंडक्याच्या तोंडावर कुऱ्हाडीचा दांडा आपटला की तो आतून भरीव आहे की पोकळ, हे ते डोळे मिटून सांगत. त्यात ते चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही.

"मानूस खोटं बोलते, मास्तर," ते म्हणत. "लाकूड नाई बोलत."

मी चंद्रपूरचा. ऐंशीनंतरच्या त्या दिवसांत माझी शाळामास्तर म्हणून धानोऱ्याला बदली झाली आणि कवडूभाऊंच्या घराला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली. मधे एकच मातीची भिंत. पहिल्याच रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तर ती भिंत थरथरायला लागली. फडताळावरचा पितळी लोटा आपल्या आपण चालत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. भूकंप झाला असं समजून मी अर्ध्या दाढीने अंगणात धावलो. बाहेर सगळं शांत होतं. कोंबड्या दाणे टिपत होत्या. गडगडाट फक्त कवडूभाऊंच्या घरातून येत होता, आणि नीट कान दिल्यावर माझ्या अंगावर काटा आला. रॉक संगीत. अस्सल, केसाळ, गिटारी आपटणारं रॉक संगीत, धानोऱ्यात.

मला कॉलेजात या संगीताचं वेड लागलं होतं. घरच्यांच्या मते ते अजून उतरलं नव्हतं. एका ट्रंकेत माझा टेपरेकॉर्डर आणि एकोणीस कॅसेटी होत्या, आणि या जंगलात त्या ऐकवायला कोण भेटणार म्हणून मी उदास होऊन आलो होतो. इथे तर भिंतीपलीकडेच देव उभा होता. मी साबण पुसून तसाच त्यांच्याकडे गेलो.

कवडूभाऊंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. कधीकाळी झाडांवरच्या मुंग्यांचा अभ्यास करायला एक उंच, हाडकुळा गोरा पोरगा विश्रामगृहात येऊन राहिला होता. कवडूभाऊ त्याला जंगल दाखवत. हिवताप झाल्यावर तो मायदेशी गेला आणि जाताना सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि अकरा रेकॉर्डी यांना देऊन गेला. कवडूभाऊंनी त्या प्लेअरसाठी सागाची एक पेटी स्वतः केली. ती चांगली कमरेएवढी उंच होती. गावातल्या रेडिओवाल्याने तिच्यात मोठा स्पीकर बसवून दिला. रेकॉर्डींची नावं यांनी वेष्टनावरची चित्रं पाहून ठेवली होती. 'लाल छत्री', 'बुडालेली शाळा', 'म्हाताऱ्याचा पाय' वगैरे. 'म्हाताऱ्याचा पाय' ही त्यांच्या मते अव्वल दर्जाची, 'लाल छत्री' त्याहून वरची.

गावाला हे अजिबात मंजूर नव्हतं. कवडूभाऊंनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण पारबता, दोघंच. लहानपणी तापात पारबताचे दोन्ही कान गेले आणि बोलणं आलंच नाही. ती दिवसभर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसे. तिचा हात इतका चपळ होता की संध्याकाळपर्यंत चळत तिच्या खांद्याला लागायची. समोरच्या सीताबाई मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "बहीन बहिरी आहे म्हून फावते याचं. मी असती तं पेटी चुलीत घातली असती." मी हसलो. मलाही ते पटलं होतं.

माझं आणि कवडूभाऊंचं भांडण मात्र वेगळं होतं. माझं म्हणणं असं की खरे थोर अल्बम आत्ता निघताहेत. नवी मेटलवाली पोरं बघा, काय हात चालतो त्यांचा, काय वेग. कवडूभाऊ तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेत.

"वेगानं का होते जी? आरागिरणीबी वेगानंच चालते."

"भाऊ, तुम्ही ऐकून तर बघा."

"पाह्यलं. सगळी निलगिरी आहे." त्या काळात सरकार जिकडे तिकडे निलगिरीची रोपं लावत होतं आणि कवडूभाऊंचा त्या झाडावर राग होता. "सागाले साठ वर्षं लागते. हे लोक दोन वर्षांत झाड काढून राह्यले. असं लाकूड कुठी टिकते? पक्का माल होता तो कापून झाला, मास्तर. आता जंगल खतम."

"जंगलात नवीन झाड येतच नाही का?"

"येते. पन आपल्या हयातीत पक्कं होत नाई."

हा वाद आम्ही तीन वर्षं घातला. बाजारात घातला, मयतीला जाताना घातला, एकदा तर शिक्षणाधिकाऱ्यांसमोर घातला आणि त्यांना वाटलं की आम्ही खरंच लाकडाबद्दल बोलतोय. मी हट्टाने कॅसेटी देत राहिलो. भाऊंनी माझा टेपरेकॉर्डर पेटीला जोडायची सोयही करून घेतली होती. पण निकाल लगेच कधी दिला नाही. "ठेवून जा. चार दिवस मुरू द्या," म्हणायचे आणि पाचव्या दिवशी कॅसेट परत. ती माझ्यादेखत वाजवत नसत. दार लोटून घेत. मला वाटे, यांना माझ्यासमोर हार मानायची लाज वाटते.

मग शंकरपट आला. आमच्याकडे थंडीत गावोगाव बैलांच्या शर्यती होतात, त्याला पट म्हणतात. पटाच्या दिवशी आख्खा तालुका लोटतो. त्या वर्षी ऐन वेळी लाउडस्पीकरवाल्याच्या कॅसेटची फीत मशीनमध्ये गुंतली. पटाला गाणं नाही म्हणजे लग्नाला नवरदेव नाही. सरपंचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गर्दीत त्यांना कवडूभाऊ दिसले.

"कवडू, तुही मशीन आन. पन काही चांगलं लाव. देवाधर्माचं."

कवडूभाऊंनी बराच विचार करून सगळ्यात चांगली म्हणून 'लाल छत्री' आणली. रेकॉर्ड प्लेअर मंडपातल्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरसमोर माइक धरला. त्या अल्बमच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता वारा वाहतो. लोकांना वाटलं, मशीन बिघडली. सरपंच भोंग्याखाली जाऊन कान लावून उभे राहिले. तिकडे सुटायच्या जागी तुळशीराम म्हाताऱ्याची जोडी उभी होती. ते बैल इतके थकलेले होते की दरवर्षी फक्त मानासाठी आणले जात आणि अर्ध्या वाटेत थांबून शेण टाकून परत येत. आणि त्याच क्षणी वारा संपला, आणि ढोल, गिटारी नि गाणारा सगळे एकदम सुटले.

सरपंच खाली बसले. तुळशीरामचे बैल मात्र असे उधळले की घड्याळवाल्याच्या हातून बटण दाबायचं राहून गेलं. ते शेवटच्या खुणेपर्यंत गेले, तिथे थांबायची त्यांना सवय नव्हती म्हणून वळले, आणि आवाज जिथून येत होता तिथे, म्हणजे मंडपात शिरले. टेबल आडवं झालं. पाहुणे पळाले. माणसाला कुणाला खरचटलंही नाही. समितीने तासभर वाद घालून तुळशीरामला एक नारळ दिला. म्हातारा तो नारळ डोक्यावर घेऊन गावभर नाचला. पुढे कितीतरी दिवस लांबलांबचे शेतकरी येऊन "भाऊ, ते बैलाचं गानं कोनतं जी?" म्हणून विचारत.

पण प्लेअरचा हात वाकला होता आणि सुई तुटली होती.

सुई काडेपेटीत कापसात गुंडाळून कवडूभाऊ चंद्रपूरला गेले, नागपूरला गेले. तसली मशीनच आता येत नाही, असं सगळीकडे ऐकून परत आले. कॅसेटी तरी मिळतील म्हणून त्या अकरा रेकॉर्डींची वेष्टनावरची इंग्रजी नावं मी कागदावर उतरून नागपूरच्या कॅसेटवाल्याला दाखवली, तर त्याने त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. घर गप्प झालं. सीताबाई म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, कानाले आराम." मला मात्र लोटा जागच्या जागी राहतो याचंच वाईट वाटायचं.

मग एके दिवशी कवडूभाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी येत नसत, मीच जायचो.

"मास्तर, खरं सांगजा. थट्टा नको. आता नवीन काही बनते का? पक्कं?"

तीन वर्षांनी हा माणूस शरण आला होता. मी कॉलर ताठ करून म्हणालो, "बनतं म्हणजे काय, भाऊ. ढिगाने बनतं."

"मंग आना. मले लवकर पाहिजे."

त्यांचा चेहरा पाहून मी ती ताठ केलेली कॉलर खाली सोडली. मी टेपरेकॉर्डर कायमचा त्यांच्याकडे ठेवला आणि दर महिन्याला नागपूरहून कॅसेटी मागवायला लागलो. चार दिवस मुरवणं तसंच, दार लोटणं तसंच. पाचव्या दिवशी निकाल. "वरची साल चांगली, आत काही नाई." "हे पोरगं चिरकते लई, बुडाशी का आहे?" "याले भुंगा लागला." लागोपाठ सहा कॅसेटी परत आल्या. मला आता राग यायला लागला. मागता पण तुम्हीच आणि नाकं पण तुम्हीच मुरडता. रागात माणसाला समोरचं दिसत नाही. पारबताबाईंच्या पत्रावळींची चळत आता गुडघ्याच्या वर जात नव्हती आणि त्या बराच वेळ हात मांडीवर ठेवून दारात बसून असत, हे मी रोज पाहत होतो, पण मनावर घेत नव्हतो.

सातवी कॅसेट मला स्वतःलाच आवडली नाही. नवीनच निघालेली, भारी संथ, खाली नुसता घुमणारा गडगडाट आणि वर गाणारा विहिरीत पडल्यासारखा. मी ती कवडूभाऊंच्या हातात आपटली. "घ्या. ही डेपोत नेऊन जाळा."

त्यांनी ठोकून पाहिली. मग आत जाऊन दार लोटून घेतलं.

चौथा दिवस शनिवार होता. सकाळची शाळा सुटली आणि मी खोलीवर येऊन कुलूप काढलं. भिंत थरथरत होती. मी पाहत असतानाच लोटा फडताळाच्या कडेपर्यंत आला आणि खाली पडला. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता. मी धावतच गेलो आणि लोटलेलं दार तसंच ढकललं.

पारबताबाई सागाच्या पेटीला पाठ टेकून बसल्या होत्या. केस सुटलेले, डोळे मिटलेले, एक तळवा पेटीवर पसरलेला. दुसऱ्या हाताने त्या मांडीवर ठेका धरत होत्या आणि तो ढोलाच्या एका ठोक्यालाही चुकत नव्हता. आणि त्या हसत होत्या. तोंडाने, आवाजासकट. तो आवाज मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला. बाजूला पत्रावळींची चळत खांद्याला लागली होती.

समोर कवडूभाऊ उकिडवे बसून एकटक बहिणीकडे पाहत होते. त्यांच्या दोन्ही कानांत सावरीच्या कापसाचे हे एवढाले बोळे होते.

मी दिसल्यावर त्यांनी एक बोळा काढला. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

"भाऊ, हे काय?"

"मले का समजते, मास्तर," ते ओशाळून म्हणाले. "माहं तं डोस्कंच दुखते याच्यानं. पैल्या दिवसापासून."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी पारबता लग्नात वाजंत्र्यांच्या ढोलाला हात लावायला धावायची आणि लोक तिला हाकलायचे. त्या गोऱ्या पोराने विश्रामगृहात पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा ती डबा द्यायला आली होती. टेबलाला हात टेकला आणि मोठ्याने हसली. "आई मरेपर्यंत ते हसनं सांगत होती. आमी तिचा आवाजच ऐकला नवता जी." मग पेटी सागाची केली, कारण साग आवाज पुढे देतो. पोकळ, भुंगा, साल, बूड हे सगळे निकाल पारबताच्या तळहाताचे होते. कवडूभाऊंनी फक्त तिचा चेहरा, ओंडका पारखावा तसा, पारखला होता.

"सुई गेल्यापासून बसतच नोती पेटीपाशी," ते म्हणाले. "मले वाटलं, आता खतम. आता असं कोनी बनवत नाई."

"मग? बनतं का अजून?"

त्यांनी फक्त बहिणीकडे बोट केलं. तेवढ्यात पारबताबाईंनी डोळे उघडले आणि मी दिसलो तशा त्या जराही लाजल्या नाहीत. थोडं सरकून त्यांनी पेटीला टेकायला माझ्यासाठी जागा केली आणि तिथे दोनदा थोपटलं, बसा म्हणून.

तीन वर्षं मी या संगीतावर वाद घातला होता. मी चपला काढल्या, त्यांच्या शेजारी जाऊन पेटीला पाठ टेकली, आणि कवडूभाऊंकडे थोडा कापूस मागितला.