बिबट्यांच्या गावात शेळी पाहुणी

"काळजी कसली करतेस? गाव माझं, भाषा माझी आणि परीक्षाही माझ्याच विषयाची. दुपारच्या जेवणाआधी समितीचा होकार खिशात घालून येतो की नाही, बघ."

असं बायकोला बजावून डॉ. गर्शोम काटेबे आपल्या आजोळी, चिबोंगोला निघाले.  बायकोने डब्यात शेंगदाण्याची भाजी मूठभर जास्त भरली. नवऱ्याचा आत्मविश्वास जेवढा मोठा, तेवढी परत येताना त्याची भूक मोठी, हा तिचा संसारभराचा अनुभव होता.

बांटू भाषांचं गोत म्हणजे आफ्रिकेच्या कमरेपासून टाचेपर्यंत पसरलेलं. त्यातल्या थोरल्या बहिणी शाळेत, कचेरीत, रेडिओवर मिरवतात. लांबा भाषा ही धाकटी, चुलीपाशीच राहिलेली. डॉक्टरांचा जीव या धाकटीवर जडला तो लहानपणी. त्यांचे आजोबा ख्रिस्ती देवळात प्रवचन करीत. सुरुवात करीत ती थोरल्या बहिणीच्या भाषेत, कारण पोथी त्या भाषेत होती. पण रंग भरला, डोळ्यांत पाणी आलं, की आजोबा उभे राहून लांबात गायला लागत, आणि मागून सगळं गाव धृपद धरी. "देवाला सगळ्या भाषा कळतात रे," आजोबा म्हणत, "पण हाक मारावी ती घरच्या भाषेत. हाक जरा लवकर पोचते."

त्या एका वाक्यावर नातवाने आयुष्य काढलं. लांबाचा कोश केला, व्याकरण केलं, लाउडस्पीकरवाल्या टपऱ्यांपासून परदेशी परिषदांपर्यंत जिथे माणूस थांबेल तिथे त्याला धरून लांबाची थोरवी सांगितली. मित्र त्यांना लांबून बघून रस्ता बदलू लागले. तरी एक गोष्ट राहिलीच होती. चिबोंगोच्या शाळेत पहिलीची पोरं अजून परक्या भाषेत अक्षरं गिरवत होती. वर्षाअखेर डॉक्टर निवृत्त होणार होते. त्याआधी शिक्षण खात्याची समिती गावात येऊन ठरवणार होती, की इथे लांबा खरोखर जिवंत आहे, की नुसती काटेबेसाहेबांच्या तोंडात. जिवंत असेल तर पहिलीची पुस्तकं छापायची. नसेल तर विषय कायमचा बंद.

म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर आधीपासून रोज जाऊन-येऊन गावाची तालीम घेतली होती. शहरी शब्द मिसळायचे नाहीत. प्रत्येकाने पाठ केलेलं एक शुद्ध वाक्य म्हणायचं. आणि मुख्य म्हणजे थट्टामस्करी बंद. गावप्रमुख योटामूमामांनी मान डोलावली, पण गावातली म्हातारी मालिताआजी अडून बसली. म्हणाली, थट्टा नाही करायची तर तोंड कशाला दिलंय देवाने? मक्याच्या पिठाची उब्वाली चेपायलाच का? डॉक्टर म्हणाले, आजी, एक दिवस. फक्त एक दिवस माणसासारखं वागा.

समितीची गाडी आली. दोन सद्गृहस्थ उतरले, आणि मागून अध्यक्षबाई, श्रीमती इस्नार्ट लुपिया. अंगाने भरलेल्या, चालण्यात ठसका. आंब्याखाली चटया अंथरल्या होत्या. सगळे बसले, टाळ्या वाजवून रामराम झाला, आणि रीतीप्रमाणे योटामूमामांनी पाहुणीला तिचं कूळ विचारलं.

"आईकडून मी शेळी," बाई म्हणाल्या, आणि गावाकडे बघून गोड हसल्या.

सबंध गाव चुळबुळलं. कारण लांबांमध्ये कूळ येतं आईकडून, आणि चिबोंगो गाव होतं बिबट्या कुळाचं. बिबट्यांचं शेळ्यांशी नातं चेष्टेचं. का, ते सांगायला नको. दोन कुळांची माणसं भेटली की एकमेकांचा उद्धार करायचा, हातातलं हिसकावून घ्यायचं, आणि रागवायचं नाही. एकाच्या मयताला खड्डा दुसऱ्याने खणायचा, आणि खणता खणता मेलेल्याचीही टर उडवायची. प्रेत झालं म्हणून सुटका नाही. या विषयावर डॉक्टरांच्या ग्रंथात एक अख्खं प्रकरण होतं. पण प्रकरण वेगळं आणि सरकारी समिती वेगळी. ज्यांच्या सहीवर सगळं अडलंय, त्या बाईला चारचौघांत चारा दाखवायचा? डॉक्टरांनी गावाकडे असे डोळे वटारले की कुत्रीसुद्धा बसली.

बाईंनी थोडी वाट पाहिली. मग योटामूमामांच्या टकलाकडे बघून म्हणाल्या, "काय हो, बिबट्याचे केस गळले की ठिपके कुठे जातात?"

मामांचं तोंड उघडलं. डॉक्टर खोकले. मामा जिभेवर आलेलं गिळून म्हणाले, "माननीय अध्यक्षबाईंचे आमच्या गावी मनःपूर्वक स्वागत असो."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मामांची काठी उचलली आणि सरळ आपल्या मांडीवर ठेवली. एरवी ती काठी परत मिळवायला निम्मं गाव धावून आलं असतं. आज कुणी हललं नाही. मामा आपल्याच काठीकडे परक्यासारखे बघत राहिले.

मग बाई मालिताआजीकडे वळल्या. म्हणाल्या, म्हातारे, इतकी कशाने वाळलीस? शिकार जमत नाही वाटतं. सांग, आमच्यातली एखादी लंगडी पाठवते. आजीचे ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताणल्या. आतून काहीतरी मोठं वर येत होतं, ते तिने दोन्ही हातांनी पोट दाबून परतवलं. शेवटी भिंतीवरची पाटी वाचावी तशी म्हणाली, "आमची भाषा आम्हास मातेसमान आहे."

दोन्ही सद्गृहस्थांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांना मात्र वाटलं, काय शिस्त आहे! एक शब्द इकडचा तिकडे नाही.

एकामागून एक गाव उठलं आणि पाठ केलेलं म्हणून बसलं. बाईंचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी काठी हळूच खाली ठेवली.

"माझी आई सांगायची," त्या म्हणाल्या, "बिबट्यांच्या गावात शेळीला एक घास सुखाने गिळू देत नाहीत. किती वर्षं मनात होतं, एकदा यावं आणि पोटभर शिव्या खाव्यात. तुमच्या मयताला खड्डा खणायला आम्ही येतो, आणि जिवंत दारात आलो तर तुम्ही आम्हाला माननीय म्हणता? डॉक्टरसाहेब, तुमच्या गावाला वाक्यं येतात. बोलता येत नाही. ज्या भाषेत भांडायला कुणी उरलं नाही, तिची पुस्तकं छापून कुणाला वाचायला देऊ?"

एवढं बोलून बाई उठल्या आणि गाडीकडे चालू लागल्या.

 कोश गेला, व्याकरण गेलं, आजोबांची हाकसुद्धा गाडीच्या धुळीत चालली होती. बाईंनी दाराला हात घातला, आणि डॉक्टरांच्या पोटात जन्मभर साचलेलं एकदम वर आलं. नेकटाय खांद्यावर फेकून ते ओरडले, "थांब गं ए शेळे! कुठे निघालीस? माझ्या आजीने तुझ्यासाठी तिखट वाटून ठेवलंय!"

बाई थबकल्या. वळल्या.

"तिखट कशाला? तुझ्या तोंडात दात तरी आहेत का, मांजरा?"

"एवढी चरबी आणलीस, दात कशाला हवेत? नुसतं उन्हात उभं केलं तरी गाव जेवेल!"

मग काय विचारता. पूर्वरंग संपला आणि बिबट्यांच्या कीर्तनाला खरा रंग चढला. आठवडाभर दाबून धरलेलं गाव फुटलं. मामांनी काठी परत मिळवली आणि वर बाईंची पर्सही ओढली. पोरी बाईंभोवती नाचत मटणाचे वाटे पाडू लागल्या. मालिताआजीने तर असा पट्टा सोडला, की त्यातले निम्मे शब्द डॉक्टरांच्या कोशात नव्हते, आणि उरलेले ते छापू शकले नसते. आजी, जरा हळू, असं म्हणत डॉक्टर खिशात पेन शोधू लागले.

गाडीचा ड्रायव्हर बिचारा दूर पूर्वेकडचा. त्याला लांबाचं अक्षर कळत नव्हतं. त्याने एवढंच पाहिलं की जमाव खवळलाय, पर्स गेली आणि अध्यक्षबाईंना सालीच्या दोराने झाडाकडे ओढत नेताहेत. त्याने दोन्ही सद्गृहस्थांना आत कोंबलं आणि गाडी अशी पिटाळली की कोंबड्या छपरावर गेल्या.

थोड्या वेळाने ते पोलीस हवालदाराला घेऊन परतले. तेव्हा अध्यक्षबाई कमरेला दोर बांधलेल्या अवस्थेत आंब्याखाली बसल्या होत्या आणि समोर उब्वालीचा डोंगर होता. हवालदाराने टोपी सावरून विचारलं, "बाई, या लोकांनी तुम्हाला बांधलंय?"

"बांधलंय."

"तक्रार आहे?"

"आहे ना. दोर आखूड आहे. भाजीच्या ताटापर्यंत तोंड पोचत नाही."

हवालदाराने कपाळाला हात लावला. सद्गृहस्थ अजून गाडीत काचा वर करून बसले होते. बाईंनी त्यांना तिथूनच हाक मारून सांगितलं, की खाली उतरा आणि लिहा: भाषा जिवंत आहे, चावते, पुस्तकं ताबडतोब छापावीत. डॉक्टरांनी तिथल्या तिथे डोळे मिटून देवाचे आभार मानले, घरच्या भाषेत.

पण शेळी ती शेळी. उठता उठता बाईंनी नात्याचा हक्क बजावला. शाळेत पहिला धडा होईल त्या दिवशी भाषण मी करणार, आणि गावजेवणाची उब्वाली हा बिबट्या घोटणार. नात्यातली मागणी, नाही म्हणायची सोय नाही.

म्हणून तो दिवस उजाडला तेव्हा परदेशी पदव्या मिळवलेले डॉ. गर्शोम काटेबे शाळेच्या मागे, शर्टाच्या बाह्या सारून, नावेच्या वल्ह्याएवढा लाकडी चाटू दोन्ही हातांनी ओढत होते. पुढे बाईंचं भाषण चाललं होतं. मग पोरांचा आवाज उठला, पहिला धडा, लांबात, सगळ्यांचा एका सुरात. ज्या घटकेसाठी जन्म वेचला, ती भिंतीपलीकडे चालू होती, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. धुराने, असं त्यांनी मागून मालिताआजीला सांगितलं.

जेवायची पंगत बसली. डॉक्टर स्वतः वाढत फिरले. पहिलीतल्या एका पोरीने घास तोंडात घातला, थांबली, आणि त्यांच्याकडे निरखून बघत अस्सल लांबात म्हणाली, "आजोबा, यात किती गाठी आहेत हो! तुम्हाला शाळेत काहीच कसं शिकवलं नाही?"

डॉक्टरांनी तिला आणखी एक डाव वाढला.