नव्या डिस्कवर राज्य नेले त्याची हकिकत

श्रीगजवदन प्रसन्न असो, लेखणी अडू नये आणि लिहितेवेळी वीजही जाऊ नये. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, दफ्तरचा संगणक बहुत थकला. सकाळी कळ दाबावी, तो चिटणीस विसाजीपंतांची न्याहारी आणि पानसुपारी आटोपे, मग कोठे पडदा उजळे. महाराजांनी नवी चपळ डिस्क मागविली आणि पंतांस व यंत्रशाळेचे मुधोजीबावा यांस पुसिले की, जुन्या डिस्कवरील कारभार नवीवर कैसा न्यावा. पंत बोलिले, हुबेहूब नक्कल उतरवावी, आम्हांस सारे डोळे मिटून सापडते. मुधोजी हसले आणि बोलिले, नक्कल केल्यास जुन्या घरचे ढेकूणही पालखीत बसून येतील. पंतांनी तीन व्हायरसरक्षक ठेविले आहेत, ते शत्रू सोडून आपसांतच लढतात, आणि पडद्यावर ‘नवीन फोल्डर’ नावाचे सत्तावन्न फोल्डर आहेत, त्यांत काय ते पंतांसही ठाऊक नाही. सबब सर्व कोरे मांडावे आणि कागद तेवढे न्यावे. महाराजांस हे मानवले. कागद नेताच पंतांनी जुनी डिस्क स्वहस्ते पुसावी, ऐशी आज्ञा जाहली. पंतांनी मान लवविली आणि मनी बहुत कष्टी जाहले.

मुधोजींनी एका दिवसात काम फत्ते केले. आता कळ दाबताच पडदा उजळे आणि पंतांस पानाला चुना लावण्याचीही उसंत मिळेना. मग पौर्णिमेस शेजारच्या राज्याचा वकील सीमेवरील तळ्याचा दावा घेऊन आला. त्या तळ्यावर सहा गावे पाणी पीत. तळे कोणाचे, हे पंतांनीच बावीस वर्षांमागे टंकिलेल्या करारात होते, आणि कागदी प्रत वाळवीने खाल्ली होती. करार भर दरबारी वाचावा, वाचता न आल्यास तळे सोडावे, ऐसे उभयपक्षी ठरले. पंतांनी फाइल उघडली, तो मराठी अक्षर एक नाही. टक्के, डॉलर, चांदण्या आणि शेपटीची चिन्हे यांचा बाजार भरला होता. सत्य ऐसे की, पंतांनी सारे दफ्तर एका जुनाट मराठी फॉन्टात टंकिले होते. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर भुताटकी. फाइली सर्व आल्या आणि फॉन्ट मागे राहिला, कारण मुधोजींस वाटले की मराठी तर संगणकात असतेच. फॉन्ट विकणारा दुकान मोडून कधीच गेला होता. वकील मिशीस पीळ देऊ लागला.

तेव्हा पंत उठले आणि पिशवीतून धोतराच्या धडप्यात गुंडाळलेली जुनी डिस्क काढून महाराजांपुढे ठेविली. महाराज म्हणाले, “पंत, ही पुसावयाची आज्ञा होती.”

पंत म्हणाले, “महाराज, बावीस वर्षे हिच्यासमोर बसलो. तीनदा पुसावयास घेतली, हात चालेना. आता जे शासन कराल ते कबूल.”

डिस्क जोडली, ती कुरकुरू लागली आणि दरबार वाट पाहू लागला. वकिलाने दोन विडे खाल्ले आणि डुलकी घेतली, मग फॉन्ट हाती आला. नवीवर घालताच ओळींमागून ओळी मराठी जाहल्या आणि पंतांचे डोळे भरून आले. करारात स्वच्छ होते की, तळे आमचे, शेजाऱ्यांनी गुरांस पाणी पाजावे. वकील पागोटे सावरून निघाला. मग महाराज बोलिले, “आज्ञा मोडली, शासन होणारच. सारे दफ्तर आता कोठेही वाचता येईल अशा युनिकोड अक्षरांत पंतांनी नव्याने उतरवावे, आणि मुधोजींनी शेजारी बसून ताडून पाहावे.” मुधोजींचा चेहरा उतरला. पंतांस मात्र शालजोडी मिळाल्याचा आनंद जाहला.

येणेप्रमाणे राज्य कोरे मांडले ते कोरेच राहिले, आणि जुनी डिस्क पंतांपाशी राहिली. आजतागायत सदतीस फोल्डर उतरले, वीस बाकी आहेत. पंत अजून सकाळी आधी पान लावून घेतात, मग कळ दाबतात. लिहिणाराने पाहिले ते लिहिले, वाचणाराने गोड मानावे.